लिंबूटिंबू: मुलाचा स्वभाव कोणता आणि त्याला शिकवायचं काय?

आंबेमोहर (धागाकर्ती)

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, परवाच्या प्रसंगाने लिहायला बसवलंच.

माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. साडेतीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं, सातव्या वर्षी एडीएचडीचंही (म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला आवरणं अवघड जातं). आम्ही पुण्यात राहतो. सोसायटीत संध्याकाळी दहा-बारा मुलं खाली असतात आणि हल्ली सगळ्यांना डबा ऐसपैसचं वेड लागलंय. परवा यालाही खेळायला घेतलं. हा जिन्याखाली लपला. राज्य असलेला मुलगा शोधत तिथे आला, याला पाहिलं आणि सहज म्हणाला, "बाकीचे कुठेत रे?" याने खरं खरं सांगून टाकलं. टाकीमागे दोघं, पांढऱ्या गाडीमागे एक, मीटरच्या खोलीत एक. मिनिटभरात सगळे आउट. पोरं भडकली. "याला कशाला घेतला" सुरू झालं. मग एक मोठी मुलगी मध्ये पडली. "असू दे रे, त्याला लिंबूटिंबू घ्या," म्हणाली.

तिने चांगल्या मनानेच म्हटलं, मला तिचा राग नाही. पण लिंबूटिंबू म्हणजे कोण, तर कोणाचा तरी चार वर्षांचा धाकटा भाऊ, जो नुसता मागे मागे पळतो आणि ज्याचं आउट होणं कोणी धरत नाही. माझा मुलगा त्या घोळक्यातल्या निम्म्या मुलांपेक्षा मोठा आहे. त्याला ते कळलं. वर आला आणि फ्रिजच्या दाराला कपाळ टेकवून उभा राहिला. बिनसलं की तो तसाच उभा राहतो, त्या गार दाराने त्याला बरं वाटतं. बऱ्याच वेळाने एवढंच म्हणाला, "त्याने विचारलं म्हणून मी सांगितलं."

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच घोळतंय. त्याच्या उत्तरात चुकीचं काय होतं? विचारलं तर खरं सांगायचं, हे त्याला आम्हीच शिकवलंय, आणि आता तो त्याचा स्वभाव झालाय. खेळात लपलेल्याने गप्प राहायचं असतं हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. इतर मुलांनाही कोणी सांगत नाही, ती बघून बघून उचलतात. दुसरी गोष्ट शिकवायला गेले तर पहिलीला धक्का लागणार नाही ना, ही माझी धास्ती आहे.

आपल्याकडे मुलांच्या वागण्याला नावं ठेवायला शब्दांची कमी नाही. एकलकोंडा, एककल्ली, तुसडा, माणूसघाणा, आगाऊ, धांदरट, वांड. हे सगळे आम्ही ऐकलेत, काही घरातूनच. आणि सगळेच्या सगळे शब्द स्वभावाचे आहेत. पोर मुळातच असं आहे, असं धरूनच ते तोंडातून निघतात. माझा मुलगा माणूसघाणा अजिबात नाही. सोसायटीच्या तिन्ही वॉचमनकाकांची ड्यूटी कधी बदलते, त्यांचं गाव कोणतं, गावाला जायला ते स्वारगेटहून किती वाजताची एसटी धरतात, हे त्याला पाठ आहे. एखादे काका सुट्टीवर गेले तर दिवसातून चार वेळा विचारतो. त्याला माणसं हवी असतात. पाहुण्यांनी "काय, अभ्यास काय म्हणतोय?" असं विचारलं की मात्र तो गोंधळून माझ्याकडे बघतो, कारण अभ्यास काही म्हणेल हे त्याला पटत नाही.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर जोडप्याचं काम मला या गोंधळात फार उपयोगी पडलं. त्यांनी १९५६पासून न्यूयॉर्कमध्ये तान्ह्या बाळांपासून सुरुवात करून तीच मुलं मोठी होईपर्यंत त्यांच्या नोंदी ठेवल्या. मूल किती हालचाल करतं, नवं काही दिसलं की पुढे सरतं की मागे, आवाज आणि स्पर्श त्याला किती पटकन बोचतात, अशा स्वभावाच्या ९ बाजू त्यांनी मांडल्या. त्यांचं म्हणणं असं की त्रास होईल की नाही, हे एकट्या स्वभावावर ठरत नाही. मूल आणि भोवतालची माणसं, शाळा, घर यांचा मेळ बसतो का, यावर ते ठरतं. मी माझ्या मुलाचा विचार याच चौकटीत करायला लागले तेव्हा माझी निम्मी चिडचिड गेली.

तर विचारायचं हे की तुम्ही तुमच्या मुलांच्या बाबतीत स्वभाव आणि अडचण वेगळी कशी काढलीत? काय मुद्दाम शिकवलंत, आणि काय शिकवायचं सोडून दिलंत?

डोंगरवाट

लेक झोपल्यावर लिहितोय. आम्ही नाशिकचे. ती ११ वर्षांची, एडीएचडी आहे, ऑटिझम नाही. बाहेरून दोघांचं सारखंच दिसेल, म्हणजे दोघांनाही पोरं खेळायला घेत नाहीत. पण आतलं कारण अगदी उलटं आहे. लपलेल्याने गप्प बसायचं हे तिला चांगलं ठाऊक आहे. तिला बसवतच नाही. अर्ध्या मिनिटात "मी इथेय!" म्हणून स्वतःच बाहेर येते.

रात्री अंथरुणात ती मला सगळं बरोबर सांगते. दुसऱ्याचं बोलणं संपू द्यायचं, हातातलं ओढायचं नाही, हरलो तर पट उधळायचा नाही. एकही चूक नसते. आणि मग म्हणते, "पण बाबा, तेव्हा मला आठवतच नाही." रसेल बार्कली हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ, एडीएचडीवर आयुष्यभर काम केलेले. ते नेमकं हेच सांगतात, की या मुलांना काय करायचं ते माहीत असतं, माहीत असलेलं त्या क्षणी हाताशी येत नाही. स्वतःला आवरण्याच्या बाबतीत ही मुलं वयाच्या साधारण ३० टक्के मागे असतात असा त्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे माझी ११ वर्षांची मुलगी चिडते तेव्हा सात-आठ वर्षांची असते. हे कळल्यावर मी तिला "एवढी घोडी झालीस" म्हणणं कायमचं बंद केलं.

आम्ही सहा महिने दर शनिवारी तिला सामाजिक कौशल्यांच्या वर्गाला नेलं. शिकवणारे कळकळीचे होते. तिथे ती शहाण्यासारखी वागायची, सोमवारी मधल्या सुट्टीत परत तेच. नंतर वाचलं की कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २०१९मध्ये अशा प्रशिक्षणाच्या बऱ्याच चाचण्या एकत्र तपासल्या, आणि एडीएचडीच्या मुलांना त्याचा ठोस फायदा होतो असं त्यातून दिसलं नाही. वर्गात शिकवलेलं मैदानात पोचत नाही, कारण अडचण मैदानातली आहे.

आम्हाला फरक पडला तो घरी. कॅनडातल्या अमोरी मिकामी आईवडिलांनाच मैत्रीचे कोच करतात, त्या धर्तीवर आम्ही सुरू केलं. एकच मैत्रीण, आमच्याच घरी, ४० मिनिटं. ती यायच्या आधी जी वस्तू द्यायची नाही ती लेकीने स्वतः कपाटात ठेवायची. हार-जीत असलेला खेळ काढायचा नाही. भेळ करणं, रांगोळी, जुन्या खोक्यांचं घर, असं काहीतरी दोघींनी मिळून करायचं. आणि रंगात असतानाच थांबवायचं, भांडण व्हायची वाट बघायची नाही. सगळ्यात अवघड मला गेलं ते मैत्रिणीसमोर न टोकणं. आता आमची एक खूण ठरली आहे. ती एकटीच बोलत सुटली की मी जाता जाता टेबलावर वाटी उपडी ठेवतो. वाटी दिसली की ती थांबते आणि समोरचीला काहीतरी विचारते. नेहमीच थांबते असं नाही, पण पहिल्या महिन्यापेक्षा पुष्कळ.

तिला बालमानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने औषध चालू आहे. त्याने तिला थांबायला अर्धा क्षण जास्त मिळतो. त्या अर्ध्या क्षणात काय करायचं हे औषध शिकवत नाही, ते वाटीवर आहे.

तिचा स्वभाव? धबधब्यासारखा. पावसात अडकलेलं मांजराचं पिल्लू दिसलं तर रस्ता न बघता धावते. रस्ता बघायला मी तिला शिकवणार. धावणं मला तसंच राहायला हवंय.

शिंपला

मी विशेष शिक्षिका आहे, ठाणे-कल्याण भागात १४ वर्षं काम करते आहे.

डोंगरवाट यांनी जे लिहिलं ते आम्ही पालकांना रांगेच्या उदाहरणाने सांगतो. कँटीनच्या रांगेत मूल मध्येच घुसलं. एकाला ती रांग आहे हेच लक्षात आलं नाही, कारण माणसं वेडीवाकडी उभी होती आणि "इथून रांग सुरू" असं कोणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्याला रांग दिसली, नियमही माहीत होता, पाय थांबले नाहीत. तिसऱ्याच्या बाबतीत दोन्ही, म्हणजे ऑटिझमही आणि एडीएचडीही. २०१३पर्यंत निदानाचे नियमच असे होते की ऑटिझम असेल तर एडीएचडीचं निदान वेगळं करायचं नाही. त्या वर्षी डीएसएम-५ ही निदानाची नवी अमेरिकन नियमपुस्तिका आली आणि ती अट गेली. त्यामुळे जी मुलं आधी नुसती "हट्टी ऑटिस्टिक" म्हणून गणली जायची त्यांना दुसरी मदतही मिळू लागली. पहिल्याला रांग दाखवावी लागते, दुसऱ्याला थांबण्यासाठी हाताला काहीतरी काम द्यावं लागतं. दोघांना एकच शिक्षा केली तर दोघंही काहीच शिकत नाहीत.

मराठी घरांत एक गोष्ट हटकून दिसते. ऑटिस्टिक मूल ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं उचलतं. म्हणून त्याला तहान लागली की "तुला पाणी हवं?" असं तोच विचारतो, कारण पाण्याच्या आधी हे वाक्य येतं. मुलगे "मी जाते, मी खाते" म्हणतात, कारण दिवसभर आईचं ऐकलेलं असतं. लोक हसतात. कृपा करून हसू नका. ते मूल भाषा अख्ख्या तुकड्यांनी शिकतंय. आपण त्याच्या बाजूने बोलायचं. पाण्याचा पेला पुढे करत "मला पाणी हवंय" हे वाक्य त्याच्यासाठी म्हणायचं. "आपण" आणि "आम्ही" तर आणखी उशिरा बसतात. "आम्ही खेळतोय" यात मी नाही आणि "आपण खेळूया" यात मी आहे, हे कळलं नाही तर मूल बोलावलेलं असूनही बाजूला उभं राहतं. मी हे खडूने वर्तुळ काढून, आत-बाहेर उभं करून शिकवते.

आणि घरी मराठी बोलणं थांबवू नका. "एकच भाषा ठेवा, इंग्रजीच बोला" असा सल्ला अजूनही दिला जातो. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात दिसलेलं नाही. आजीशी बोलायची भाषाच काढून घेतली तर मुलाने कोणाशी मिसळायचं?

आंबेमोहर, तुमच्या प्रश्नावर. कॅरल ग्रे नावाच्या मिशिगनमधल्या शिक्षिकेने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला "सोशल स्टोरी" ही पद्धत काढली. छोटी गोष्ट, मुलाच्या बाजूने लिहिलेली, ज्यात काय घडतं आणि का घडतं ते सांगायचं. हुकूम कमीत कमी. आमच्या एका मुलासाठी लिहिलेली ही पाहा:

"गणपतीत आमच्याकडे संध्याकाळी आरती असते. आरतीला खूप लोक येतात. झांजा मोठ्याने वाजतात. काही मुलांना तो आवाज आवडतो, काहींच्या कानाला टोचतो. मला टोचला तर मी आतल्या खोलीत जाऊ शकतो. आरती संपली की आई मला सांगते. मग मी बाहेर येऊन प्रसाद घेतो."

दहा दिवस आधीपासून रोज वाचली. त्या वर्षी तो पहिल्यांदा प्रसादाला बाहेर आला.

एक कबुलीही देते. सुरुवातीच्या वर्षांत मी मुलांना "माझ्या डोळ्यांत बघ" म्हणायचे, बघितलं की बक्षीस म्हणून गोड गोळी द्यायचे. तसंच शिकवलं होतं मला. आता देत नाही.

ओवी_आजी

मी कोल्हापूरची, वय ७१. नातू ऑटिस्टिक आहे, ८ वर्षांचा. सून हा धागा वाचत होती, तिने मला दाखवला.

मी सुरुवातीला सुनेला फार बोलले. नोकरी करतेस म्हणून असं झालं, मोबाइल दिलास म्हणून झालं, लाडावून ठेवलास म्हणून झालं. तिने तेव्हा ऐकून घेतलं. ते माझ्या मनातून जात नाही, म्हणून इथे चार लोकांसमोर लिहिते.

आता आमचं असं आहे की मी मटार सोलायला बसते आणि तो शेजारी बसतो. समोर नाही, शेजारी. मी बोलत नाही. तो दाणे मोजतो, मग एखाद्या शेंगेत नऊ निघाले की मला दाखवतो. पंधरा मिनिटांनी आपणहून बोलायला लागतो, शाळेत काय झालं ते सांगतो. समोर बसवून "काय झालं शाळेत?" विचारलं तर एक शब्द येत नाही. हे कोणत्या पुस्तकात आहे का मला माहीत नाही, पण करून बघा.

आंबेमोहर

ओवी आजी, तुमचं वाचून डोळे भरून आले. माझ्या सासूबाईंना उद्या वाचून दाखवणार आहे. हे आईच्या वागण्याने होतं असं एकेकाळी मोठमोठे डॉक्टरही म्हणायचे, "थंड आई" म्हणायचे. बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने १९६४मध्ये ते खोडून काढलं, आणि त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. तुम्ही जे ऐकत आलात तेच बोललात.

शेजारी बसण्याचं अगदी खरं. आमचं सगळं बोलणं स्कूटरवर होतं, तो मागे बसलेला असताना.

निळा_दगड

मी ३४ वर्षांचा. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. ऑटिझमचं निदान ३१व्या वर्षी झालं. सहसा फक्त वाचतो. आज लिहितोय, कारण इथे सगळे मुलांविषयी लिहिताहेत आणि त्या मुलाच्या जागी मी होतो.

शिंपला ताई, गोळी बंद केलीत याबद्दल मनापासून आभार. मी डोळ्यांत बघतो तेव्हा समोरच्याचे शब्द कमी ऐकू येतात. आजही. शाळेत मी डोळ्यांत बघायला शिकलो, इतर हसले की एका क्षणानंतर हसायला शिकलो, मधल्या सुट्टीत कोणाच्या तरी शेजारी उभं राहायला शिकलो. सगळे म्हणाले, किती सुधारला. घरी येऊन मी पलंगाखाली झोपायचो. त्याला कोणी सुधारणा म्हणत नव्हतं, पण दोन्ही एकाच गोष्टीचे भाग होते. अशी सोंगं वठवण्याचा थकवा आणि उदासी याबद्दल आता बरंच संशोधन होतंय.

डेमियन मिल्टन हे ब्रिटनमधले ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञ आहेत. २०१२मध्ये त्यांनी मांडलं की न समजणं दुहेरी असतं. ऑटिस्टिक माणसाला इतर कळत नाहीत तसा इतरांनाही ऑटिस्टिक माणूस कळत नाही. फक्त शिकायची सक्ती एकाच बाजूवर होते. एडिनबरामधल्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२०मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केला. तो सरळ आपला कानगोष्टींचा खेळ आहे. आठ-आठ जणांची साखळी, पहिल्याला गोष्ट सांगायची, त्याने दुसऱ्याला, असं शेवटपर्यंत. काही साखळ्या फक्त ऑटिस्टिक लोकांच्या, काही इतरांच्या, काही मिश्र. ऑटिस्टिक साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. मिश्र साखळीत जास्त गळली. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही. तोवर मला वाटायचं की बिघाड माझ्यातच आहे.

आंबेमोहर, तुमच्या मुलाने काय चूक केली असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर असं आहे की खेळाचा एक न सांगितलेला नियम त्याला सांगायचा राहिला. तो सांगा. पण "तू सगळ्यांना आउट केलंस" असं सांगू नका. नियम म्हणून सांगा, बुद्धिबळात घोडा अडीच घरं जातो तसा. आणि शक्य असेल तर अजून एखादं ऑटिस्टिक मूल त्याला भेटू द्या. मला पहिला तसा मित्र ३२व्या वर्षी मिळाला. आम्ही दोन तास रेल्वे सिग्नलवर बोललो आणि मी थकलो नाही.

शिंपला

निळा_दगड, तुमचा प्रतिसाद मी आमच्या संपूर्ण टीमला वाचून दाखवणार आहे.

एका ठिकाणी मात्र मी थोडी वेगळी आहे. काही गोष्टी मुलाला न आवडल्या तरी शिकवाव्याच लागतात. "नको", "थांब", "मला त्रास होतोय, मी बाहेर जातोय" हे म्हणता येणं. कोणी नको तिथे हात लावला तर येऊन सांगणं. यांत सुरक्षितता आहे. नमस्कार, डोळे, "थँक्यू काका म्हण" यांत फक्त आपली चारचौघांतली लाज आहे. मी पालकांना आधी ही दोन टोपल्यांची वाटणी करायला लावते. दुसऱ्या टोपलीतलं बरंचसं रिकामं करता येतं.

निळा_दगड

पूर्ण सहमत. "मला त्रास होतोय" हे वाक्य मला कोणी शिकवलं असतं तर पलंगाखाली जावं लागलं नसतं.

चाफेकळी

मुलींबद्दल कोणीतरी लिहा. माझी मुलगी सातवीपर्यंत "शांत, गुणी" होती, प्रगतिपुस्तकावर दरवर्षी तोच शेरा. ती खिडकीबाहेर बघत बसायची, कोणाला त्रास नाही म्हणून कोणाचं लक्ष नाही. एडीएचडीचं निदान १२व्या वर्षी झालं. मैत्रिणींत ती जिच्या शेजारी बसेल तिच्यासारखी होते, तिचं अक्षर, तिचं हसणं, तिच्या वेणीची पद्धत. मैत्रीण बदलली की सगळं बदलतं. आता विचारते, "आई, मी स्वतः कशी आहे?" मला उत्तर देता आलं नाही. आम्ही दोघी मिळून वहीत लिहितोय: तिला काय करताना वेळेचं भान राहत नाही, कोणता वास आवडतो, कशाचा राग येतो. तीन पानं झाली आहेत.

मास्तर

नमस्कार. लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीचा वर्ग आहे माझ्याकडे, ३४ मुलं. इथे थेरपी सेंटर वगैरे जवळ काही नाही. समग्र शिक्षातले विशेष शिक्षक येतात, त्यांची मदत होते, पण रोजचे ३४ जण आणि मी.

माझ्या वर्गात एक मुलगी आहे, ऑटिझमचं प्रमाणपत्र आहे तिचं. धावण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही, पण खो-खोत घेतलं की ओरडायची. मुलं म्हणाली, सर, तिला नुसतं बसवू, पकडायला लावू नका. तुमच्या भाषेत लिंबूटिंबू. मी दोन दिवस बघत राहिलो. मग लक्षात आलं की खो देताना मागून पाठीवर थाप बसते, ती तिला सहन होत नाही. न सांगता मागून हात लागला की ती दचकते. वर्गात विचारलं, काय करायचं? पोरांनीच ठरवलं की आपल्या वर्गाच्या खो-खोत पाठीला हात लावायचा नाही, बाजूला येऊन जमिनीवर हात आपटून मोठ्याने "खो" म्हणायचं. सगळ्यांसाठी हाच नियम, तिच्या एकटीसाठी नाही. आता तिला संघात घ्यायला भांडणं होतात.

मला वाटतं, आपण त्या एकाच मुलाला शिकवत बसतो आणि बाकीचे ३३ तसेच राहतात. ३३ जणांना शिकवणं त्या मानाने सोपं आहे. त्यांना कारण सांगितलं की ती ऐकतात.

ज्यांना दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढायचंय त्यांच्यासाठी: २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. ऑटिझम त्यात आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमताही (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण) आहे. एडीएचडी त्यात स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे एडीएचडीसोबत अध्ययन अक्षमता आहे का, हे तपासून घ्या. बऱ्याच मुलांत दोन्ही असतं आणि आपण अर्धंच तपासतो.

डोंगरवाट

मास्तर, जमिनीवर हात आपटून खो! हे वाचून मी उठून दोन मिनिटं फेऱ्या मारल्या. तुमच्या वर्गातल्या मुलांना माझ्याकडून शाबासकी सांगा.

आंबेमोहर

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. रविवारी काय केलं ते लिहिते.

डोंगरवाट यांचं ऐकून सोसायटीतला एकच मुलगा वर बोलावला, अर्ध्या तासासाठी. टाकीमागे लपलेल्या दोघांपैकी एक. खेळ माझ्या मुलाच्या आवडीचा निवडला: हॉलमध्ये खुर्च्यांची बस, एक ड्रायव्हर, एक कंडक्टर, कात्रज ते निगडी. तिकिटं आधीच कागदाची कापून ठेवली होती. वीस मिनिटं इतकी छान गेली की मी स्वयंपाकघरातून हललेच नाही. मग पाहुण्याला बस मुंबईला न्यायची होती आणि ती बस मुंबईला जात नाही. आवाज चढले. मी "आता शेवटचा स्टॉप" म्हणून सरबत आणलं. जाताना त्या मुलाने उरलेली तिकिटं खिशात घातली. पुन्हा येईल की नाही, ठाऊक नाही.

मास्तरांचा खो-खो खालच्या मोठ्या मुलीला सांगितला. ती म्हणाली, "मग आम्ही नियमच करू, लपलेल्याला काही विचारायचं नाही." मला हे सुचलंच नव्हतं. राज्य असलेल्याने विचारलं नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

तरी शिंपला ताईंच्या पद्धतीने एक गोष्ट लिहिली आहे, कारण बाकीच्या जगात हा नियम नसणार:

"डबा ऐसपैसमध्ये एकावर राज्य असतं. बाकीचे लपतात. कोण कुठे लपलंय हे गुपित असतं. गुपित राहिलं की खेळ जास्त वेळ चालतो आणि सगळ्यांना मजा येते. कोणी मला विचारलं तर मी 'सांगणार नाही' असं म्हणू शकतो."

आधी शेवटी "गप्प राहायचं" लिहिलं होतं. त्याने वाचलं आणि विचारलं, "म्हणजे खोटं बोलायचं?" म्हणून "सांगणार नाही" केलं. ते त्याला पटलं, कारण ते खरं आहे, तो खरंच सांगणार नसतो. पण काल रात्री झोपताना पुढचा प्रश्न आला: "बाईंनी विचारलं की दंगा कोणी केला, तर ते गुपित आहे का?"

शिंपला ताई, निळा_दगड, यावर मी काहीच बोलले नाही अजून. उद्या शाळा आहे. त्याच्या भाषेत कसं सांगू?